मारुतीचे तेल आणि भक्ताचे बल

चैत्र पौर्णिमेच्या पहाटे सूर्यबिंब क्षितिजावर येते आणि गावोगावच्या मंदिरांतून अंजनीसुताच्या जन्माचा गजर उठतो. पाळणा म्हटला जातो, सुंठवडा वाटला जातो, शेंदूरचर्चित मूर्तीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ पडते आणि भाविकांची रांग हातात तेलाची वाटी घेऊन पुढे सरकू लागते. बहुतेक देवतांना दूध, दही, मध, जल यांचा अभिषेक; बलोपासनेच्या या दैवताला मात्र तेल. बलाची देवता आणि स्नेहद्रव्य यांची ही सांगड कोणी आणि केव्हा घातली, याच्या शोधात आम्ही आज शिरणार नाही. संस्कृतात 'स्नेह' या एकाच शब्दाने तेलातुपाचाही बोध होतो आणि मायेचाही, एवढे मनात धरून आम्ही एक साधा, गृहस्थाश्रमी प्रश्न विचारणार आहोत. मारुतीला वाहिलेले तेल दगडी मूर्तीवरून ओघळून जाते. आपण जे तेल आणि जे तूप खातो, त्याचे पुढे काय होते? त्याचे बल होते, की नुसताच मेद?

या प्रश्नासाठी पालघर, बोईसर, तारापूर हा मुलूख जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारखा आहे. पश्चिमेस सातपाटीसारखी मच्छीमारांची गावे. मध्ये रेल्वेमार्गालगत बोईसर, त्याच्या शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले देशातले पहिले अणुवीज केंद्र. पूर्वेस विक्रमगड, जव्हार, मोखाडा यांचे डोंगर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या एका जिल्ह्यात अतिपोषण आणि कुपोषण एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर नांदतात. हनुमज्जन्माच्याच दिवशी डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे श्रीमहालक्ष्मीची यात्रा सुरू होते. त्या यात्रेच्या गर्दीत नुसते लोकांच्या दंडांकडे पाहत उभे राहिले, तरी आमचा विषय डोळ्यांपुढून चालत जातो. कारखान्यात काम करणाऱ्याचा सुटलेला देह, डोंगरातून आलेल्या बाळाचा काडीसारखा हात आणि काठी टेकत येणाऱ्या आजीची सैल पडलेली कातडी. तिघांच्याही देहात मांसधातू उणा आहे. कारणे मात्र तीन आहेत, आणि म्हणून तिघांना एकच उपदेश करणे हा अधर्म होईल.

बोईसरच्या एका कीर्तनानंतर एक तरुण आमच्यापाशी आला. खांद्यावर व्यायामशाळेची पिशवी होती. म्हणाला, "बुवा, वर्षभर वजने उचलतोय, डब्यातली पावडरही घेतोय, तरी दंड भरत नाहीत आणि पोट मात्र पुढे येतंय. मारुतीचा उपासक असून असं का?"

"बाळा, मारुतीला मध्ये आणू नकोस. दिवसभरात तोंडात काय काय जातं, ते आधी सांग."

त्याने सांगितलेली यादी या औद्योगिक वसाहतीतील हजारो कामगारांची असू शकेल. रात्रपाळीत दोन वेळा वडापाव किंवा भजी, चहाबरोबर फरसाण, पहाटे घरी येऊन चार-पाच तासांची झोप, आणि संध्याकाळी पाण्यात कालवलेली पावडर. भाकरी, डाळ आणि पालेभाजी यांचा उल्लेख त्याने आम्ही विचारल्यावर केला.

आम्ही वैद्य नव्हे, ग्रंथांचे वाचक आहोत. म्हणून ग्रंथापासूनच आरंभ करतो. आयुर्वेदाने देह सात धातूंचा मानला: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. मांस आणि मेद हे शेजारी आहेत. अन्नाचा रस मांसापर्यंत पोचून तेथे स्थिरावला तर बल येते. सारा प्रवाह मेदाच्याच घरी जाऊन साठू लागला तर माणूस आकाराने वाढतो आणि शक्तीने घटतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात याची चर्चा आहे. मेदस्वी पुरुषात मेदाचेच पोषण होते, इतर धातूंचे तसे होत नाही, आणि धातू विषम झाल्यामुळे त्याच्या ठायी दुर्बलता येते, असा तेथील विचार आहे. थोराड देह आणि दुर्बलता एकत्र नांदू शकतात, ही गोष्ट त्या आचार्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिली.

आता याच महाराष्ट्रात, याच काळात झालेले एक कार्य सांगतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा अभ्यास आरंभिला. त्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ लहान असते, हे कोणीही सांगितले असते. नवलाची गोष्ट पुढे आहे. आपल्या बाळाच्या वजनात जी तूट होती, ती मुख्यत्वे मांसात आणि पोटातील अवयवांत होती. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत राहिला होता. म्हणजे आपले बाळ दिसायला बारीक आणि आतून मेदाळ. पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण देहातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. तराजू दोघांना समान म्हणत होता, देह समान नव्हते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावी. बाळाच्या वाढीचा संबंध आईच्या आहारातील नुसत्या उष्मांकांशी तितकासा लागला नाही. तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी अधिक ठळक दिसला.

तेव्हा बोईसरच्या त्या तरुणाने जन्मतःच मांसाची उणीव आणि मेदाची आवड घेऊन संसारात पाऊल टाकले असण्याचा संभव आहे. त्यावर तो वडे आणि भजी यांची आहुती देतो आहे. ही आहुती नेमक्या कोणत्या अग्नीत पडते, ते आता पाहू.

पाश्चात्त्य वैद्यक ज्याला 'इन्फ्लमेशन' म्हणते, त्याला आपण दाह म्हणू. बोटाला काटा रुतला की ते लाल होते, सुजते, ठणकते आणि चार दिवसांत बरे होते. हा दाह उपकारक आहे. होमकुंडातील अग्नीसारखा तो वेळेवर पेटतो, आपले काम करतो आणि शांत होतो. व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, तेथेही असाच अल्पकाळचा दाह उठतो. रक्तातील पांढऱ्या पेशी येतात, मोडलेले उचलून नेतात आणि नवे मांस बांधण्याला चालना देतात. म्हणूनच दुखऱ्या अंगावर रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे की थांबा. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला गेला. काहींना रोज आयबुप्रोफेनची मोठी, १२०० मिलिग्रॅमची मात्रा दिली, काहींना ॲस्पिरिनची अगदी लहान मात्रा. मोठी मात्रा घेणाऱ्यांच्या मांडीचे मांस दुसऱ्यांच्या निम्म्यानेच वाढले. होमाग्नीवर पाणी ओतले की यज्ञाचे फळही निम्मे होते.

दुसरा दाह धुमसणारा असतो. तो दिसत नाही, ठणकत नाही, वर्षानुवर्षे राखेखालच्या निखाऱ्यासारखा राहतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेला मेद हा त्याचा एक मोठा आश्रय. मेद म्हणजे निर्जीव चरबीची गोणी, अशी जुनी समजूत आता राहिलेली नाही. तो एक बोलका अवयव आहे आणि तो रक्तात दाहाचे निरोप सोडत असतो. त्या निरोप्यांपैकी एकाचे नाव 'ट्युमर नेक्रोसिस फॅक्टर'. १९८५ साली असे ध्यानात आले की रोगजर्जर प्राण्यांचा देह झिजवणारे म्हणून ज्याला 'कॅकेक्टिन' हे दुसरे नाव दिले गेले होते, ते द्रव्य आणि हे द्रव्य एकच. झिजवणे हा त्याचा धर्म नावातच नोंदलेला होता. आपल्या देहात मांस रोज थोडे मोडते आणि रोज थोडे बांधले जाते. जेवणानंतर प्रथिनांचे अंश आणि इन्सुलिन मिळून स्नायूला 'बांध' अशी आज्ञा देतात. धुमसत्या दाहात ती आज्ञा स्नायूच्या कानी नीट पडत नाही. प्रथिने येतात, दार ठोठावतात, आणि गवंडी कामावर हजर नसतो. पुण्याच्याच संशोधकांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील पुरुषांची तुलना केली, तेव्हा शहरी पुरुषांत मेदाबरोबर दाहाच्या खुणाही अधिक आढळल्या.

गंमत अशी की चरकाने त्याच एकविसाव्या अध्यायात स्थूल पुरुषाच्या देहातील अग्नी आणि वायू यांना अरण्य जाळणाऱ्या वणव्याची उपमा दिली आहे. हे वाचून कोणी उत्साही सद्गृहस्थ 'पाहा, सारे शोध आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणू लागतील. आम्ही तसे म्हणणार नाही. तेथे चरकाच्या मनात जठराग्नी आहे. मेदाने मार्ग अडल्यामुळे कोठ्यात फिरणारा वायू भूक भडकवतो, असा त्याचा आशय आहे. शब्द जुळले म्हणून सिद्धांत जुळत नाहीत. ग्रंथाचा खरा मान त्याचा नेमका अर्थ सांगण्यात आहे.

आता तेलाकडे वळू. सर्व स्नेह सारखे नव्हेत. प्रत्येक तेलतूप निरनिराळ्या मेदाम्लांचे बनलेले असते. त्यांतील 'पामिटिक' नावाचे संपृक्त मेदाम्ल पामतेलात सुमारे ४४ टक्के असते. तीळ आणि शेंगदाणा यांच्या तेलांत एक-दशांशाच्या आसपास, सूर्यफुलात त्याहूनही कमी. उपसाला विद्यापीठात २०१४ साली एक मोठा मार्मिक प्रयोग प्रसिद्ध झाला. सडपातळ अशा ३९ तरुण-तरुणींना सात आठवडे नेहमीच्या जेवणावर भर म्हणून रोज गोड पावासारखे पदार्थ खाऊ घातले. निम्म्यांचे पदार्थ पामतेलाचे, निम्म्यांचे सूर्यफूल तेलाचे. बाकी सारे सारखे. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे १.६ किलोने वाढले. परंतु पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत मेद अधिक साठला, तर सूर्यफूलवाल्यांच्या देहात मेदाव्यतिरिक्तचा, म्हणजे मांसादिकांचा भाग जवळजवळ तिप्पट वाढला. वजन तेच, पण एकाचे मेदाच्या घरी गेले आणि दुसऱ्याचे मांसाच्या घरी वळले. याच संशोधकांनी २०१९ साली मुळातच स्थूल असलेल्या माणसांवर असा प्रयोग केला, तेव्हा यकृतातील मेदाचा भेद पुन्हा दिसला. पण देहातील एकूण मेदाच्या वाढीत दोन गटांचा फरक पडला नाही. म्हणजे एकदा स्थूलता आली की तेल बदलण्याचा लाभ अर्ध्यावर येतो. बदल करायचा तो आधी.

येथे चरकाचा सूत्रस्थानातील तेरावा, स्नेहाचा अध्याय आठवतो. घृत, तैल, वसा आणि मज्जा या चार स्नेहांत घृत श्रेष्ठ, असे तेथे म्हटले आहे आणि घरोघरची वडीलधारी मंडळी तेवढेच पाठ करून ठेवतात. पुढचे कोणी वाचत नाही. त्याच अध्यायात कोणता स्नेह कोणाला, याचा विचार आहे. ज्यांचा कफ आणि मेद वाढला आहे, ज्यांचा गळा आणि उदर थुलथुलीत झाले आहे, ज्यांना बळकट, हलका आणि घट्ट देह हवा आहे, त्यांना चरक तूप सांगत नाही. त्यांना तो थंडीच्या काळात तेल सांगतो. तेलांत बलासाठी तिळाचे तेल अग्रगण्य, हेही तेथेच आहे. शास्त्रकार अधिकारी पाहून बोलतात. वेदान्तात जो अधिकारीभेद, तोच ताटात.

तूप वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वरणभातावरची तुपाची धार, पुरणपोळीवरचे तूप यांनी कोणाचे पोट सुटलेले नाही. कोल्हापूरच्या तालमींतले मल्ल दूध, तूप आणि बदामाची थंडाई रिचवीत आले, ते दिवसाकाठी जोर-बैठकांचे ढीग घालत म्हणून. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्या पिढीचा खुराक आणि त्या पिढीचा घाम एकाच वजनाचे होते. कुस्ती सुटल्यावरही खुराक तोच ठेवणाऱ्या मल्लाचे काय होते, हे प्रत्येक गावाने पाहिले आहे. वाग्भटाने व्यायामाचे सूत्र सांगताना बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत व्यायाम करावा, असे म्हटले. स्नेह आणि व्यायाम त्याने एकाच वाक्यात बांधले आहेत. आपण वाक्य तोडले, अर्धे ताटात वाढून घेतले आणि अर्धे विसरलो. हनुमज्जन्म वसंतातच येतो, हेही सांगून ठेवतो.

त्या तरुणाच्या डब्याविषयी दोन शब्द. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारमार्गदर्शनात अंग कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेणे टाळावे, असे सांगितले आहे. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. अंग कमावणाऱ्याला थोडी अधिक लागतील, पण डाळ, चवळी, हरभरे, शेंगदाणे, दूध, दही आणि ज्यांच्या घरी चालते त्यांच्या घरी अंडी व मासे यांतून ती मिळतात. गवंडी कामावर आणायचा असेल, तर आधी निखारा विझवावा: पाळीतले तळण कमी करावे, झोप पुरी करावी, चालावे. आम्ही त्याला एवढेच सांगितले. त्याने मान डोलावली. कीर्तनकाराला मान डोलावणारे पुष्कळ भेटतात.

आता डोंगराकडे चला. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. आजही अंगणवाडीताई बाळाच्या दंडाभोवती तीन रंगांची पट्टी गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला की पट्टी लाल रंग दाखवते, १२.५ पर्यंत पिवळा. आपण मारुतीच्या भुजदंडांचे वर्णन ऐकून रोमांचित होतो आणि त्याच जिल्ह्यात एक दंड असा आहे की ज्याच्याभोवती पट्टी गुंडाळावी लागते. या बाळाचे दैन्य नुसते अन्नाच्या अभावाचे नाही. दूषित पाणी, वारंवार होणारी हगवण, ताप यांमुळे त्याच्या आतड्यात तोच धुमसता दाह राहतो. खाल्लेले नीट शोषले जात नाही आणि रोगाशी झुंजण्यासाठी देह स्वतःचे मांस मोडून प्रथिने पुरवतो. म्हणून त्याला खाऊ घालणे जितके आवश्यक, तितकेच पाणी उकळून देणे, हात धुणे आणि लशी वेळेवर टोचून घेणे आवश्यक.

आणि खाऊ घालायचे ते कसे? बोईसरच्या तरुणाला ज्या तेलापासून आम्ही हात आखडायला सांगितला, तेच या बाळाला हवे आहे. बाळाचे पोट मुठीएवढे. पातळ पेजेने ते भरते आणि शक्ती मिळत नाही. तेलाचा एक चमचा मात्र पिठाच्या किंवा डाळीच्या त्याच वजनापेक्षा दुपटीहून अधिक उष्मांक देतो. तीव्र कुपोषित बाळांसाठी जगभर जे औषधी अन्न वापरले जाते, त्यात जवळजवळ निम्मी शक्ती स्नेहातूनच येते; बहुधा ते शेंगदाणा, तेल, दुधाची भुकटी आणि साखर यांचे बनवतात. बाळाला शक्ती स्नेहातून मिळाली, तर प्रथिने चुलीत जळत नाहीत, मांस बांधायला मोकळी राहतात. राज्यात नोव्हेंबर २०१५ पासून आदिवासी भागांत गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचा पूर्ण आहार देणारी अमृत आहार योजना सुरू झाली, ती योग्य जागी हात घालणारी म्हणावी लागेल. पुण्याच्या अभ्यासानेही मांसाची तूट गर्भातच दाखवली आहे. डोंगरउतारांवर पिवळ्या फुलांची खुरासणी पिकते. तिचे तेल आणि तिची चटणी हा त्या लोकांचा जुना स्नेह. नागलीच्या भाकरीबरोबर ती चटणी पुन्हा ताटात आली पाहिजे. जनावरांच्या पेंडीपुरते तिचे नाव उरू नये.

वृद्धांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तेथे निश्चित ज्ञान थोडे आहे. साठीनंतर मांस आपोआप झिजू लागते आणि आहाराची 'बांध' ही आज्ञा स्नायूला मंद ऐकू येते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साठीपुढच्या निरोगी माणसांना सहा महिने माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले दिली. त्यांच्या मांडीचे मांस दुसऱ्या गटाच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास अधिक भरले आणि हाताची पकड बळावली. प्रयोग लहान होता. युरोपातील २१५७ वृद्धांना तीन वर्षे अल्प मात्रेत तेच दिले, तेव्हा उठण्याचालण्याच्या क्षमतेत फरक आढळला नाही, हे २०२० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आशा आहे, हमी नाही. सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या कोळी, मांगेला, वैती घरांत बांगडा आणि तारली यांचे कालवण होतेच, आणि ही मेदाम्ले त्यांत भरपूर असतात. पापलेटला २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला, पण या एका गुणात गरिबाची तारली वरचढ आहे. मासे तळून काढण्यापेक्षा कालवणात घालावेत. शाकाहारी घरांनी जवसाची चटणी आणि अक्रोड यांचा आश्रय करावा. त्यांतले ओमेगा-३ वेगळ्या जातीचे असते आणि त्याचा अल्प अंशच देहात माशातल्यासारखा होतो. तरी तेवढे घ्यावे. आमच्या वयाच्या मंडळींनी उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीवर संपूर्ण दिवस काढू नये. दूध, दही आणि मूठभर शेंगदाणे उपवासाला चालतात. आणि मारुतीच्या देवळापर्यंत रिक्षाने जाऊ नये.

राहता राहिला भंडाऱ्याचा विषय. जयंतीच्या महाप्रसादात पुरी, बुंदी, जिलबी असते आणि एका कढईवर सकाळपासून रात्रीपर्यंत तळण चालते. तेल काळवंडते, फेस धरते, धूर सोडते आणि स्वयंसेवक त्यातच नवे तेल ओतत राहतात. पुन्हापुन्हा तापलेल्या तेलात मूळ मेदाम्ले मोडून जी घातक द्रव्ये साठतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून आहे. वनस्पती तुपातील आणि तेलांतील 'ट्रान्स' मेदावरची मर्यादाही जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली गेली. धुमसत्या दाहाला ट्रान्स मेदाइतके इंधन घालणारा स्नेह क्वचितच असेल. कायदा बाजाराला लागतो; प्रसादाची कढई आपल्या श्रद्धेच्या हाती आहे. जे तेल आपण मूर्तीच्या मस्तकी घालणार नाही, ते देवाच्या नावाने भक्ताच्या मुखी घालणे आम्हाला अनुचित वाटते.

पालघर-बोईसरच्या मंडळांनी यंदा पुरी-बुंदीचे प्रमाण थोडे कमी करून वरण, भात, मटकीची उसळ आणि ताक ठेवावे. सुंठवडा आहेच, त्यात तीळ आणि खसखस सढळ हाताने घालावी, साखरेवर हात आखडावा. एका कढईत एकदा भरलेले तेल त्या दिवसापुरतेच. काळवंडले की उतरवावे. उरलेल्या तेलाचे काय करायचे, हे कोणी विचारीलच. ते पुढच्या शनिवारच्या भजनासाठी डब्यात भरून ठेवू नये, गटारात ओतू नये, आणि 'देवाचेच आहे' म्हणून समईतही घालू नये. वापरलेले खाद्यतेल जैवइंधनासाठी गोळा करणारे असतात, त्यांच्याकडे ते द्यावे. समईला वाटीभर तिळाचे तेल वेगळे काढून ठेवलेले असावे.